बॉम्बरचा जुना भाग: भंगाराच्या ढिगातून कपाटापर्यंत

भंगाराच्या काट्यावर अॅल्युमिनियम म्हणजे नुसतं अॅल्युमिनियम. डेगची, पंख्याचं पातं, मोटारसायकलचं इंजिनाचं कव्हर आणि १९४४ साली बनलेल्या बॉम्बर विमानाचा पत्रा, सगळं एकाच ढिगात पडतं आणि एकाच भट्टीत जातं. भट्टीतून वाचलेल्या भागाचा घात पुढे बफिंगच्या चाकावर होतो. घेणारा हौसेने तो आरशासारखा चमकवतो. त्या चमकेखाली कारखान्याचा शाईचा ठसा, तपासनिसाचा शिक्का आणि मूळ रंगाचा थर निघून जातो. मग तो भाग लिबरेटर या अमेरिकन बॉम्बरचा की बसच्या टपाचा, हे कोणीच सांगू शकत नाही. जुन्या विमानाच्या भागाची सगळी किंमत त्याच्या अंगावरच्या खुणांत असते. पुढची प्रत्येक पायरी त्या खुणा वाचवण्यासाठी आहे.

भाग आला कुठून, हे आधी समजून घ्या

विदर्भात बॉम्बर विमानांचे लढाऊ तळ नव्हते. नागपूरचं सोनेगाव महायुद्धात ये-जा करणाऱ्या विमानांचा थांबा होता आणि गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टीही त्याच काळातली. पण ब्रह्मदेशावर आणि पुढे जाणारी बॉम्बर विमानं बंगाल, ओडिशा, आजच्या झारखंडातून उडत. बी-२९ या अमेरिकन बॉम्बरची ठाणी खरगपूर, चाकुलिया या भागात होती. त्यामुळे नागपूरच्या इतवारीत किंवा तालुक्याच्या भंगाराच्या दुकानात भाग दिसला, तर तो बहुधा रेल्वेने किंवा ट्रकने, दोन-चार हात बदलून आलेला असतो. "आमच्या धुऱ्यावर विमान पडलं होतं" असं गावात कोणी सांगितलं, तर ऐकून लिहून ठेवा, मात्र पुरावा मिळेपर्यंत त्याला पुरावा समजू नका.

दुसरा मोठा स्रोत आपल्याच वायुसेनेचा. ब्रिटिशांनी जाताना कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली चाळीसच्या वर लिबरेटर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगळुरूला पुन्हा उडती केली. १९४८ पासून ती वायुसेनेत होती आणि शेवटची १९६८ मध्ये निवृत्त झाली. त्यांतलं एक आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये उभं आहे. म्हणून लिबरेटरच्या भागावर अमेरिकन शिक्का, त्यावर ब्रिटिश रंग आणि त्यावर भारतीय रंग असे तीन थर सापडू शकतात. असा भाग हाती आला, तर तीन देशांचा इतिहास नखाएवढ्या जाडीत असतो. तो घासून एक करू नका.

एक सावधगिरी. लिबरेटरचं इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, आर-१८३०, १४ सिलिंडरचं. तेच इंजिन डकोटा मालवाहू विमानातही होतं आणि डकोटा आपल्याकडे कितीतरी वर्षं जास्त उडालं. तेव्हा भारतात मिळालेला आर-१८३० चा सिलिंडर, पुशरॉड किंवा मॅग्नेटो हा बॉम्बरचाच असं छातीठोक सांगू नका. तो डकोटाचा असण्याची शक्यता जास्त. तसंच १९५७ पासून २००७ पर्यंत वायुसेनेत कॅनबेरा बॉम्बर होतं. ब्रिटिश शिक्क्यांचा बराच माल त्याचा असतो, दुसऱ्या महायुद्धाचा नाही.

हात लावण्याआधी

या पायरीवर घाई केली तर पुढच्या पायऱ्या उरत नाहीत. बंद नळकांडं, पितळी टोपीचं काहीही, आतून खुळखुळणारा सिलिंडर, फ्यूजसारखा दिसणारा आट्यांचा तुकडा उचलू नका. हलवू नका, खरवडू नका, बंडीत घालून गावात आणू नका. जागा लांबून दाखवा आणि ११२ वर कळवा. पोलीस बॉम्बशोधक पथक बोलावतात. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करायच्या जागी स्फोट झाला आणि त्यात मजूर गेले. वर्ध्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रेडिओ संचांतही धोका असतो. शत्रू-मित्र ओळखणाऱ्या संचात, तो शत्रूच्या हाती लागू नये म्हणून, फोडून टाकायची छोटी स्फोटक कांडी बसवलेली असे. मशीनगनची नळी, ब्रीच, काडतूस हे तर संग्रहात घेण्याचा विचारच नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ते बसतं.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. तबकडीवरचे आकडे आणि काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावत. आज तो चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड थकलेलं असतं. रेडियम मात्र तसंच आहे. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं. पिवळट-तपकिरी, भाजल्यासारखे, भुगा सुटलेले आकडे दिसले की ती तबकडी रेडियमची समजा. काच उघडायची नाही, काटा सरळ करायचा नाही, फुंकर मारायची नाही. बाहेरून ओल्या कापडाने पुसा, दोन पॉलिथीन पिशव्यांत बंद करा आणि झोपायच्या खोलीपासून दूर, हवा खेळणाऱ्या जागी लोखंडी पेटीत ठेवा. आतून निघणारा रेडॉन वायू कोंडून राहू नये म्हणून हवा हवी. गायगर मीटर मिळाला तर मोजून आकडा पेटीवर लिहा. काच फुटलेली रेडियम तबकडी घेऊच नका. हाती आलीच असेल तर उघड्यावर ठेवू नका आणि अणुऊर्जा नियामक मंडळाकडे विचारणा करा.

बाकीचे धोके थोडक्यात. ऑक्सिजनचा सिलिंडर, हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटर आणि चाकाच्या पायाचा शॉक अॅब्सॉर्बर यांत दाब अजून शिल्लक असू शकतो. झडप उघडून दाब शून्य झाल्याची खात्री होईपर्यंत एकही नट ढिला करायचा नाही. इंजिनामागच्या, आग अडवणाऱ्या पत्र्यावरचं (फायरवॉल) आणि धुराड्यावरचं पांढरं कापड अॅस्बेस्टॉसचं असतं. ते ओलं करून पिशवीत भरा. विमानातल्या जुन्या अग्निशामकात विषारी रसायनं असत, तो उघडू नका. पोलादी बोल्टवरचा फिकट सोनेरी किंवा राखी मुलामा कॅडमियमचा. त्याला ना पॉलिश पेपर लावायचा, ना गॅसची ज्योत.

शिक्के वाचणं

भाग कोरड्या मऊ ब्रशने झटका आणि तिरप्या उजेडात धरा. मोबाइलची बत्ती पत्र्याला जवळजवळ टेकवून, आडवी. समोरून न दिसणारे ठसे असे उठून दिसतात. रंगाखाली दबलेला आकडा वाचायला पातळ कागद ठेवून पेन्सिल घासणं हा उपाय अजून उत्तम आहे.

अमेरिकन भागावर चार गोष्टी शोधा. पहिली, भागाचा क्रमांक. लिबरेटर हे कन्सॉलिडेटेड कंपनीचं ३२ नंबरचं मॉडेल, म्हणून तिच्या भागांचे क्रमांक ३२ ने सुरू होतात आणि पुढे इंग्रजी अक्षर येतं. मिचेल बी-२५ बॉम्बरचे भाग ८२, ९८, १०८ अशा आकड्यांनी सुरू होतात, कारण नॉर्थ अमेरिकन कंपनीचे तेच मॉडेल क्रमांक. दुसरी, पत्र्यावर शाईने छापलेली ओळ, 'अल्क्लॅड २४ एसटी' (अॅल्युमिनियमच्या पत्र्याची जात) आणि पत्रा बनवणाऱ्याचं नाव. ती बहुधा आतल्या बाजूला, रंगाच्या कडेला अर्धवट दिसते. तिसरी, गोल किंवा चौकोनी तपासनिसाचे छोटे शिक्के. चौथी, उपकरणावरची पट्टी, तिच्यावर खरेदी-आदेशाचा क्रमांक.

ब्रिटिश भागावर मुकुट आणि त्याखाली 'ए एम', म्हणजे हवाई मंत्रालय, आणि साठ्याचा क्रमांक. '६ ए' म्हणजे उपकरणं, '५ सी' म्हणजे विजेचं सामान, '१० डी' म्हणजे रेडिओ. आता मुकुटाकडे भिंगातून पाहा. त्याची कमान घुमटासारखी वर फुगलेली असेल तर तो राजाचा मुकुट, म्हणजे १९५२ च्या आधीचा. कमान मधोमध खाली दबलेली असेल तर राणीचा, म्हणजे नंतरचा. मूगाच्या दाण्याएवढी ही खूण, पण 'महायुद्धातला' म्हणून विकला जाणारा कॅनबेराचा कितीतरी माल तिच्यामुळे बाजूला पडतो.

रिबेटची डोकीही बोलतात. अमेरिकन रिबेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असेल तर तो एडी जातीचा, म्हणजे २११७ मिश्रधातूचा. उंचवट्याचा ठिपका असेल तर २०१७. दोन उंच रेघा असतील तर २०२४. डोकं कोरं असेल तर शुद्ध अॅल्युमिनियम, वजन न पेलणाऱ्या जागेसाठी. गावच्या दुरुस्तीत घातलेला पॉप रिबेट मधल्या भोकामुळे लगेच ओळखू येतो.

आटे मोजायला थ्रेड गेज हवाच. अमेरिकन नट मोकळ्या-बारीक इंची मापाचे, ब्रिटिश नट बीएसएफ, व्हिटवर्थ किंवा बीए मापाचे. १३ चा मिलिमीटर पाना 'बसतोय' म्हणून लावला की नटाचे कोपरे गेले. हे नट परत बनत नाहीत.

कागद

सरकारी भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतं आणि मोठा ठेकेदार ते उचलतो. तुमच्यापर्यंत येताना बिल बहुधा हरवलेलं असतं. तरी कबाड्याला सांगा, "भाऊ, काट्याचा भाव देतो, वरून थोडे जास्तही देतो, पण कच्ची का होईना पावती द्या आणि हे गाळायला टाकू नका." पावतीवर तारीख, वजन आणि 'जुना अॅल्युमिनियमचा भाग' एवढं असलं तरी चालतं. त्याच्या दुकानात पुढचा माल आला की तोच फोन करतो, हा खरा फायदा.

जमिनीत पुरलेलं काही नांगराला लागलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होऊ शकतो. १० रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असते. तहसीलमार्फत अर्ज द्या आणि पोच घ्या. अरुणाचल-आसामकडच्या पडलेल्या विमानाच्या जागेवरून आणलेला माल कोणी विकत असेल तर घेऊ नका. तिथे वैमानिकांचे अवशेष अजून मिळतात आणि अमेरिकेची सरकारी संस्था त्यांचा शोध घेते. एक पत्रा जागचा हलला तरी कोणाच्या तरी घरच्या माणसाचा पत्ता पुसला जातो.

नोंद, मग पाणी

साफ करण्याआधी सहा बाजूंनी फोटो, सोबत पट्टी आणि पांढरा कागद ठेवून. प्रत्येक शिक्क्याचा जवळून फोटो. वजन, लांबी, रुंदी, पत्र्याची जाडी व्हर्नियरने. वहीत एक क्रमांक द्या आणि तोच क्रमांक सुती दोरीने भागाला बांधा. भागावर मार्करने लिहायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही. उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून रंगात मुरतो.

मग धातू ओळखा. चुंबक चिकटला तर पोलाद. न चिकटणाऱ्या हलक्या धातूत अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम वेगळे करायला आतल्या बाजूला, रंग नसलेल्या कोपऱ्यात पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे फसफसून आले तर मॅग्नेशियम. लगेच स्वच्छ पाण्याने पुसून घ्या. चाकांचे हब आणि गिअरची कवचं बहुधा मॅग्नेशियमची असतात. त्यांना ग्राइंडर लावायचा नाही. त्याचा भुसा पेटतो आणि त्या आगीवर पाणी टाकलं तर आणखी भडकते. जवळ कोरड्या रेतीची बादली ठेवा. मिश्रधातूची पक्की खात्री हवी असेल तर नागपूरला वाडीत अॅल्युमिनियमची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे आणि व्हीएनआयटीत धातुशास्त्र विभाग आहे. तिथे चौकशी करता येते.

आता धुणं. इथे विदर्भातला माणूस हमखास चुकतो, कारण पाणी समोरच असतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी विमानाच्या पत्र्याला लावू नका. विमानाचं अॅल्युमिनियम म्हणजे ड्युरॅल्युमिन, त्यात सुमारे ४ टक्के तांबं. ताकद त्यानेच येते आणि गंजाची खोडही त्यानेच लागते. पाण्यातला क्षार रिबेटच्या डोक्याखाली शिरतो, वरून भाग कोरडा दिसतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून पांढरी भुकटी फुगून बाहेर येते. बाकीच्या जिल्ह्यांत बोअरचं पाणी जड असतं, तेही नको. आरओचं पाणी वापरा, किंवा पहिल्या दोन सरी सोडून टिनावरून धरलेलं पावसाचं. टीडीएस मीटरने मोजा. ५० च्या खाली आकडा हवा.

मध्यम आकाराच्या पत्र्याला, म्हणजे दोन फूट बाय दोन फूट, साधारण ३० लिटर पाणी लागतं. ५ लिटर पाण्यात एक चमचा सौम्य द्रव साबण, तोही क्षार नसलेला. कपडे धुण्याची पावडर आणि धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमला खातात. नायलॉनचा मऊ ब्रश, कडांना बांबूची चपटी काडी. तारेचा ब्रश कधीच नाही. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा गंज सुरू होतो. काळी माती चिकटलेली असेल तर सुकलेली असताना उचकटू नका. ती आकसताना रंगाला घट्ट धरून ठेवते. ओलं सुती कापड दोन तास वर ठेवा, मग ती मेणासारखी निघते. शेवटी चार-पाच वेळा साध्या आरओ पाण्यात खंगाळा आणि प्रत्येक वेळी ओघळलेलं पाणी मोजा. टाकलेल्या पाण्याचा आकडा आणि ओघळलेल्याचा आकडा जुळला की क्षार निघाला. एप्रिलच्या उन्हात नुसता पत्रा दोन तासांत खडखडीत वाळतो. पर्स्पेक्स (खिडक्यांचं काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) किंवा रबर लागलेला भाग मात्र सावलीत, पंख्याखाली.

गंज

अॅल्युमिनियमवरची पांढरी भुकटी आधी कोरडीच, नायलॉन ब्रशने काढा. खड्ड्यातली भुकटी भिंगाखाली फायबर-ग्लासच्या पेनाने किंवा दंतवैद्याच्या टोकदार काडीने. पत्र्याची कड वहीच्या पानांसारखी पापुद्रे धरून सुटली असेल तर गंज कणाकणांच्या सांध्यांतून आत गेलेला आहे. तिथे खरवडत राहिलात तर हातात काहीच उरत नाही. तो भाग तसाच स्थिर करून ठेवा.

आणि बफिंग का नको, याचं धातूतलं कारणही आहे. अल्क्लॅड पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध अॅल्युमिनियमची चादर असते, जाडीच्या साधारण ५ टक्के. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर ती दर बाजूला ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. आतल्या तांबेमिश्रित गाभ्याला गंजापासून तीच वाचवते. बफ तीच काढतो. चमकवलेला पत्रा दोन पावसाळ्यांत डाग धरतो, न चमकवलेला तसाच राहतो.

पोलादी ब्रॅकेट, बिजागऱ्या यांवरचा सैल गंज खरवडून ५ ते १० टक्के टॅनिक अॅसिडचं द्रावण ब्रशने तीनदा लावा, दर वेळी पूर्ण वाळू द्या. पृष्ठभाग निळसर काळा होतो. मेळघाटात, गडचिरोलीत हिरडा पोत्याने मिळतो आणि त्यातही टॅनिन भरपूर, पण काढ्यातली बाकीची द्रव्यं चिकट थर सोडतात आणि त्यावर बुरशी येते. रसायनांच्या दुकानातली भुकटीच घ्या. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढायची पद्धत फक्त साध्या, मुलामा नसलेल्या पोलादासाठी: ४ लिटरला एक मोठा चमचा सोडा, १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला साधं लोखंड, स्टेनलेस नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. इंजिन बसवायच्या कैच्या आणि चाकाच्या पायाचं कडक पोलाद या पद्धतीत किंवा अॅसिडात टाकू नका. हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं.

पितळेला चिंच, लिंबू, भांड्याची पावडर नको. जस्त आधी विरघळतं आणि गुलाबी तांबट डाग उरतात. पितळेचा आणखी एक शत्रू आपल्याकडे घरोघर आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकत. कारण मुतातला अमोनिया, हे १९२१ मध्ये सिद्ध झालं. तेव्हा ढोरांच्या कोठ्यात, शेणखताच्या खड्ड्याजवळ किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी विमानाचं पितळी सामान ठेवू नका. पाइपचे नट आणि उपकरणांची जोडणी दाबून बसवलेली असते. असं ताणलेलं पितळच तडकतं.

रिबेट काढणं

पत्रा वाकलाय म्हणून जोड उघडू नका. तो पडताना वाकला असेल तर तो वाकही इतिहासच. पण आत ओली माती कोंडली असेल किंवा नंतरचं लोखंड जोडलेलं असेल, तर जोड उघडावाच लागतो.

सर्वांत जास्त भेटणारा रिबेट १/८ इंचाचा. त्याच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर हलक्या हाताने सेंटर पंच मारा. एडी रिबेटवरचा खळगा मध्य आयताच देतो. पत्र्यामागे लाकडी ठोकळा टेकवा, नाहीतर पंचाने पत्रा दबतो. ३.२ मिलिमीटरचा धारदार ड्रिल संथ वेगाने, फक्त डोक्याच्या जाडीइतका. खोली कळावी म्हणून बिटावर चिकटपट्टीचा वेढा द्या. मग त्या भोकात पिन पंच घालून कडेला तिरपा दाब दिला की डोकं टिकलीसारखं उडतं. उरलेली दांडी मागून लोखंडी ठोकळ्याचा आधार देऊन पिन पंचाने हळूच बाहेर. ड्रिल खोल गेला तर भोक मोठं होतं आणि मूळ मापाचा रिबेट तिथे पुन्हा कधी बसत नाही. लाइन जाते-येते अशा ठिकाणी हातड्रिलनेच करा. वीज परत येताच ट्रिगर दाबलेला ड्रिल झेपावतो.

निघालेली डोकी फेकू नका, क्रमाने पाकिटात भरा. बसवताना त्याच जातीचा ठोस रिबेट हवा. लांबी काढायची पद्धत: सगळ्या पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. ठोकून तयार झालेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असलं पाहिजे. त्याहून चपटं झालं तर पत्रा ताणला गेला, उंच राहिलं तर जोड सैल. हार्डवेअरच्या दुकानातला पॉप रिबेट आत पोलादी खिळा ठेवून जातो आणि तिथून गंज धरतो. नवा रिबेट घातलाच, तर कोणता, ते वहीत लिहा.

रंगाचे थर

आतल्या बाजूला पिवळट हिरवा रंग दिसला तर तो झिंक क्रोमेट. गंज रोखायला उत्तम, माणसाच्या फुप्फुसाला घातक. त्याला कोरडा पॉलिश पेपर लावू नका. तो सुटत नसेल तर तसाच राहू द्या, तो मूळचाच आहे.

वर कोणी ऑइलपेंट फासला असेल तर आधी न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने क्रमाने तपासा: पाणी, मग खनिज टर्पेंटाइन, मग स्पिरिट. थिनर आणि अॅसिटोन सर्वांत शेवटी, कारण ते शाईचे ठसे क्षणात उडवतात. थर समजून घ्यायचे असतील तर रुपयाच्या नाण्याएवढी खिडकी पाडा. हातमोजे, ओला ४०० नंबरचा पेपर मधोमध, त्याहून मोठ्या वर्तुळात ८००, मग १२००. झाडाच्या बुंध्यासारखी कडी उमटतात, भारतीय रंग, त्याखाली ब्रिटिश, त्याखाली अमेरिकन प्रायमर, मग धातू. अशी एक खिडकी पुरते, तिचा फोटो वहीत लावा. ओले बोळे पिशवीत बंद करा, विहिरीजवळ किंवा नाल्यात टाकू नका.

पर्स्पेक्सला पेट्रोल, थिनर, काच पुसायचा फवारा लागला की जाळीसारख्या बारीक भेगा पडतात, त्या भरून येत नाहीत. साबणाचं पाणी आणि हाताचा तळवा, एवढंच. लाकडी बांधणीच्या मॉस्किटो या ब्रिटिश विमानाचा तुकडा मिळाला तर जोडांना पाणी लावू नका. भारताच्या हवेत त्याचे चिकटवलेले जोड १९४४ मध्येच सुटू लागले होते.

शेवटचा थर आणि जागा

संग्रहालयांत वापरतात ते पॅरालॉइड बी-७२ हे पारदर्शक लेपाचं रेझिन ४० अंशांना मऊ पडायला लागतं. युरोपात ते चालतं. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ४५ च्या वर पारा जातो, मग लेप चिकट होतो आणि सगळी धूळ त्यात बसते. बी-४४ घ्या, ते ६० अंशांपर्यंत टणक राहतं. टोल्युइनमध्ये ५ ते ८ टक्के, दोन पातळ हात, मोकळ्या हवेत आणि मास्क लावून. त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पुसट हात. मधाचं मेण नको, ते आम्लधर्मी असतं आणि ६२-६४ अंशांना वितळतं. लेप द्यायचा काळ नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, सकाळी अकरानंतर. त्याआधी थंड धातूवर दहिवर असतं आणि ते लेपाखाली अडकलं की दुधी डाग कायमचा.

कूलर लावलेल्या खोलीत भाग ठेवू नका. विदर्भात मे महिन्याची हवा कोरडी, म्हणजे धातूला चांगली. कूलर तीच दमट करतो आणि पावसाळा दीड महिना आधी आणतो. लोखंडी कपाट, भिंतीपासून हातभर लांब. गोणपाट ओल धरतं, वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी, पीव्हीसीची चादर उन्हाळ्यात आम्ल सोडते. कापूस घरचा असला तरी धातूला टेकवू नका, तो ओलावा ओढून धरतो. पॉलिथीनचा फोम आणि न रंगवलेलं धुतलेलं सुती कापड बरं.

छोट्या भागांना घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा: ५० लिटरला १ किलो सिलिका जेल, रंग बदलणारं नारिंगी. आत छोटा आर्द्रता मीटर ठेवा. धातूसाठी आकडा ४० च्या खाली. पोळ्यापर्यंत जेलचा रंग उतरलेला असतो, तेव्हा ते ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा भरा. पाइप, पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी), कार्ब्युरेटरची तोंडं कापडाने बांधा, नाहीतर कुंभारीण त्यात मातीचं घर करते आणि ती माती आतून क्षार सोडते.

दसरा झाला की प्रत्येक डबा उघडा. पांढरा किंवा हिरवा नवा ठिपका, तडकलेला मुलामा, उंदराने कुरतडलेली वायर, जे दिसेल ते जुन्या फोटोशेजारी नवा फोटो लावून तारखेसकट वहीत चढवा आणि तेवढाच भाग पुन्हा आरओच्या पाण्याने धुवायला बाहेर काढा.